चेअरमनबाईंची रेघ

रविवार, ५ ऑक्टोबर. सकाळी.

ऑफसाइड या एका शब्दामुळे ही रोजनिशी लिहायची वेळ माझ्यावर आली आहे. काल संध्याकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या टीव्हीसमोर, शिकल्यासवरल्या सभासदांनी एकमेकांना उशा, चपला आणि एक कुंडी फेकून मारली. कुंडी सोसायटीची होती. एरवी असल्या गोष्टींचा वृत्तांत सेक्रेटरी लिहितात. पण चपलांपैकी एक त्यांचीच असल्यामुळे ते काम चेअरमन या नात्याने मी अंगावर घेतलं. वृत्तांतात बसणार नाही ते इथे लिहीन.

घडलं ते असं. आपल्या शहरात फुटबॉलचे दोन क्लब. लाल आणि निळे. वैर जुनं. काल त्यांचा सामना होता. अगदी शेवटी लालच्या फॉरवर्डने गोल मारला. लाइन्समनने झेंडा वर केला. रेफ्रीने व्हिडिओ बघितला, पुन्हा बघितला आणि गोल रद्द केला. ऑफसाइड म्हणे. मैदानावरचा सामना बरोबरीत सुटला. आमच्या हॉलमधला सुटला नाही.

लालचे पुढारी म्हणजे सेक्रेटरी. दुसऱ्या मजल्यावर राहतात, कोपऱ्यावर दातांचा दवाखाना. निळ्यांचे पुढारी चौथ्या मजल्यावरचे ड्रायव्हिंग स्कूलवाले. इतकी वर्षं दोघं शेजारी बसून एकाच वाडग्यातले खारे दाणे खायचे. काल स्कूलवाले म्हणाले, जन्मभर दुसऱ्याच्या तोंडात डोकावणाऱ्याला मैदान काय दिसणार? डेंटिस्ट म्हणाले, ज्याची गाडी येता-जाता खांबावर चढते त्याने रेघेच्या गोष्टी सांगू नयेत. मग उशी. मग बाकीचं.

मी हॉलला कुलूप लावलं. चावी माझ्या पर्समध्ये. वाद मिटेपर्यंत टीव्ही बंद.

परतीचा सामना पंचवीस तारखेला. सव्वीसला सर्वसाधारण सभा आणि चेअरमनची निवडणूक. माझ्याविरुद्ध आजवर कोणी उभं राहिलेलं नाही. रिटायर झाल्यापासून मी आत आले की माणसं उठून उभी राहतात अशी ही एकच खोली उरली आहे. ती सोडायचा माझा विचार नाही.

संकल्प: पंचवीसच्या आत ऑफसाइडचा निकाल लावणे. कॉलेजात मला तर्कशास्त्र होतं, आणि नोकरी सगळी परीक्षा विभागात झाली. विषय सोपा असावा. पुरुषांना येतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर.

आमचे हे बोलत नाहीत. हे लालचे आहेत. शनिवारपासून फक्त मान. चहा? मान. साखर? मान. मी तटस्थ असल्यामुळे घरातसुद्धा कुणाची बाजू घेऊ शकत नाही, हे त्यांना पटलेलं दिसतं. मौनातून संमती कळते.

नोटीस लावली: ऑफसाइड म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी बुधवारी संध्याकाळी पुराव्यासह हजर राहावे. दुपारी बघते तर खाली कुणीतरी लिहिलेलं: कुलूप ऑफसाइड आहे. अक्षर कुणालाच लागत नव्हतं, म्हणजे डेंटिस्टांचं. मला लागलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर.

सुनावणी झाली. अपेक्षेपेक्षा चांगली.

डेंटिस्ट प्लॅस्टरचा जबडा घेऊन आले. म्हणाले, बाई, ही अक्कलदाढ म्हणजे गोलकीपर. तिच्या अलीकडची दाढ म्हणजे त्यांचा शेवटचा डिफेंडर. ही टूथपिक म्हणजे आमचा फॉरवर्ड. मागून पास निघाला त्या क्षणी टूथपिक दाढेच्या पलीकडे असेल तर ऑफसाइड. आमची कुठे होती? अलीकडे. मग आता तुम्हीच बोला. मी म्हटलं, ही दाढ किडलेली आहे. ते म्हणाले, तो मुद्दा नाही. माझ्या मते तोच मुद्दा होता. किडलेल्या साक्षीदारावर विसंबता येत नाही. जबडा पुरावा म्हणून ठेवून घेतला.

स्कूलवाले रिकाम्या हाताने आले, पण बोलताना सारखे गिअर टाकत होते. म्हणाले, काकू, सिग्नल लागलाय. स्टॉप लाइनच्या पुढे बंपर गेला की पोलीस पकडतो की नाही? बोटभर का असेना. त्यांच्या फॉरवर्डचा बंपर पुढे होता. बंपर म्हणजे गुडघा. या डोळ्यांनी बघितला मी. मी विचारलं, गाडी उभी होती की चालती? म्हणाले, चालती, पण पास निघाला तो क्षण धरायचा. मी म्हटलं, चालत्या गाडीचा क्षण धरणार कसा? ते एकदम खूश होऊन म्हणाले, तेच तर ना काकू! मलाही का कोण जाणे, बरं वाटलं.

तर्कशास्त्र लावून पाहिलं. निष्कर्ष: ऑफसाइड म्हणजे रांग मोडणे. आपला नंबर यायच्या आधी खिडकीशी जाऊन उभं राहायचं आणि वर विचारायचं, माझं काय चुकलं. इतकंच. यांना नेमका शब्द सापडत नव्हता. उद्या सांगितलं की वाद संपेल.

गुरुवार, ९ ऑक्टोबर.

सांगितलं. संपला नाही. डेंटिस्ट म्हणाले, खिडकी कुठली? स्कूलवाले म्हणाले, आणि एका रांगेत दोन टीम कशा उभ्या राहतील? मग दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली आणि लगेच दुसरीकडे तोंड फिरवलं. माझं पहिलं यश.

हॉलमध्ये रोज थोडा वेळ बसावं लागतं. आतून कडी लावते. टीव्ही लावते. तपासकामासाठी. आज कुठल्या तरी दोन परदेशी संघांचा सामना पाहिला. एक ऑफसाइड मला झेंड्याच्या आधी दिसला. खिडकीच्या काचेला बाहेरून कुणाचं तरी नाक लागलं होतं. पडदा ओढून घेतला.

शनिवार, ११ ऑक्टोबर. दुपारी.

घटनेचं प्रात्यक्षिक घेतलं. पार्किंगमध्ये, खडूने रेघा आखून.

तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या सासूबाई गोलकीपर. त्यांना उभं राहवत नाही म्हणून खुर्ची दिली. डिफेंडर कमी पडले म्हणून जिन्याखालचे दोन कचऱ्याचे डबे लावले. फॉरवर्ड डेंटिस्टच होणार म्हणाले. त्या गुडघ्याची बाजू आपल्यालाच माहीत आहे म्हणे. पास द्यायला आमचे हे. शिट्टी माझ्याकडे. सगळ्यांना बजावलं होतं: शिट्टी वाजली की जागच्या जागी पुतळा.

ह्यांनी पास दिला. मी शिट्टी वाजवली. डेंटिस्ट सोडून सगळे थांबले. त्यांनी चेंडू सासूबाईंच्या खुर्चीखालून घातला आणि शर्ट काढून पार्किंगभर धावले. स्कूलवाले ओरडले, ऑफसाइड! हाही ऑफसाइड! डेंटिस्ट म्हणाले, डब्याच्या अलीकडे होतो मी, डब्याला विचारा! स्कूलवाले म्हणाले, डबा तुमच्या बाजूचा आहे, ओला कचरा! सासूबाई म्हणाल्या, माझा पदर ओढला त्याचं काय? पेनल्टी द्या.

थोडक्यात, आता सोसायटीपुढे दोन ऑफसाइड प्रलंबित आहेत. एक त्यांचा, एक आमचा. सांगायची गोष्ट अशी की सभासद उत्साहाने सहभागी झाले.

शनिवार, ११ ऑक्टोबर. संध्याकाळी.

हॉल बंद असल्याने लालवाले दवाखान्यात सामने बघतात असं कळलं. तिथला टीव्ही छताला आहे. पेशंटच्या खुर्चीत आडवं पडल्याशिवाय दिसत नाही, आणि खुर्चीत पडलं की डेंटिस्टांना हात आवरत नाही. ह्यांनी आज पहिल्या हाफमध्ये दात साफ करून घेतले आणि दुसऱ्यात एक दाढ भरून. निळेवाले शिकाऊ गाडीत दाटीवाटीने बसून फोनवर बघतात. तिथे दोन ब्रेक आहेत; गोल हुकला की दोन्ही दाबतात.

हॉल बंद ठेवल्याने दातांचं आरोग्य सुधारलं आणि वाहतूकशिक्षण वाढलं. वार्षिक अहवालात घालावं.

रविवार, १२ ऑक्टोबर.

मोठा दिवस. टीव्हीत तो सामना रेकॉर्ड झालेला आहे हे नर्सबाईंनी सांगितलं. त्या कमिटीवर आहेत. बोलतात कमी. मी काही सांगितलं की फक्त म्हणतात, असं का. समजूतदार बाई.

म्हणजे नोटीस, सुनावणी, डबे, काही लागणारच नव्हतं. नेमक्या क्षणी चित्र थांबवायचं आणि पट्टी लावायची. डेंटिस्ट, स्कूलवाले, हे आणि नर्सबाई यांना साक्षीला बोलावलं. पास निघाला. मी बटण दाबलं. चित्र थांबलं. फूटपट्टी डिफेंडरच्या बुटाला लावली आणि वरून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली. मार्कर परीक्षा विभागातला. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर नंबर घालायचा. पावसात भिजला तरी नंबर जात नाही असा.

नर्सबाई म्हणाल्या, अहो, काचेवर? मी म्हटलं, मग कशावर?

निकाल: फॉरवर्डचा गुडघा बरोबर रेघेखाली आला. रेघ जाड असल्यामुळे गुडघा दिसत नाही. डेंटिस्ट म्हणाले, अलीकडे. स्कूलवाले म्हणाले, पलीकडे. हे रेघेकडे फार वेळ बघत होते. कामातली सफाई त्यांच्या नजरेत भरली असावी.

चित्र पुढे सुरू केलं. खेळाडू पळाले. रेघ तिथेच.

सोमवार, १३ ऑक्टोबर.

रेघ निघत नाही. ओलं फडकं: नाही. भांड्यांचा साबण: नाही. नर्सबाईंच्या घरचं स्पिरिट: नाही. शेवटी नखांचं पॉलिश काढायचं औषध जोर लावून घासलं. रेघ तशीच. उजव्या बाजूला मात्र ताटाएवढा पांढुरका डाग पडला, ढगासारखा.

डेंटिस्टांना दाखवलं. त्यांनी सवयीने छोटा आरसा काढून सगळीकडून पाहिलं आणि म्हणाले, बाई, हे आता रूट कॅनॉलच्याही पलीकडे गेलंय.

मार्करचा दर्जा उत्तम होता. तेव्हाची सरकारी खरेदी.

बुधवार, १५ ऑक्टोबर.

पट्टीने जे होत नाही ते परीक्षेने होतं. विचार पक्का: ज्यांना ऑफसाइड कळतो त्यांनाच परतीच्या सामन्याला हॉलमध्ये प्रवेश. लेखी परीक्षा घेतली. एकाआड एक खुर्ची.

प्रश्न पहिला: ऑफसाइड म्हणजे काय ते आकृतीसह स्पष्ट करा. प्रश्न दुसरा, कारणे द्या: गुडघा धरतात, पण हात धरत नाहीत. प्रश्न तिसरा: टीप लिहा, लाइन्समनचे जीवन.

डेंटिस्टांनी शर्टाच्या बाहीवर आकृती काढून आणली होती. शर्ट उतरवून ठेवायला लावला. बनियनवर पेपर दिला. स्कूलवाल्यांनी टेबलावर गाडीचा आरसा ठेवला होता. विचारलं तर म्हणाले, सवय आहे हो काकू, मागचं दिसल्याशिवाय पुढे जाववत नाही. मागे नर्सबाई बसल्या होत्या. त्यांनी प्रश्नपत्रिकेवर एवढंच लिहिलं: सव्वीसला मतदान किती वाजता? जागरूक सभासद.

वेळ संपली, पेन खाली, असं मी म्हटलं आणि सगळ्यांनी एकदम पेनं ठेवली. फार दिवसांनी तो आवाज ऐकला. बाहेर येऊन जरा वेळ जिन्यात उभी राहिले.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर.

निकाल लावला. सगळे नापास.

आदर्श उत्तर तयार करायला मला दोन दिवस लागले. जबडा आणि टूथपिक घेऊन बसले होते. मध्येच अक्कलदाढ निखळली. तरी आता विषय पूर्ण हातात आला आहे. निदान टूथपिक उभी धरली असता.

ह्यांचं पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बघितल्यावर कळतं. आकृती नाही. शून्य. घरचा माणूस म्हणून एकही गुण दिला नाही. तटस्थपणा म्हणतात तो हा.

ह्यांनी निकाल वाचला आणि पंधरवड्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, मी शाळेच्या टीममध्ये लेफ्ट विंगला होतो. मी म्हटलं, मग तर आकृती यायलाच हवी होती. पुन्हा मान.

शनिवार, १८ ऑक्टोबर.

सगळेच नापास म्हटल्यावर कुणालाच आत घेता येईना. रिकाम्या हॉलची व्यवस्था पाहणं चेअरमनला शोभत नाही. म्हणून सर्वांना ग्रेस देऊन पास केलं आणि हॉल उघडला. परीक्षार्थींनी टाळ्या काही वाजवल्या नाहीत, पण ते आत आले.

रेघेचा मात्र अनपेक्षित फायदा झाला. बातम्या लागल्या. निवेदिका रेघेच्या पलीकडे बसलेली. निळ्यांमधून कुणीतरी म्हणालं, बाई ऑफसाइड! लालवाले म्हणाले, नाही, नाक अलीकडे आहे. हवामानवाला आला, नकाशा दाखवता दाखवता रेघ ओलांडून गेला, दोन्हीकडून झेंडे. साबणाच्या जाहिरातीतलं मूल, स्वयंपाकाच्या कार्यक्रमातली कढई, सगळ्याचा निकाल लागत होता. डेंटिस्ट म्हणाले, बाईंच्या रेघेसमोर सगळे सारखे. लोक फार हसले. माझ्या कामाबद्दल इतका आनंद मी इथे कधी पाहिला नव्हता.

निवडणुकीची काळजी मिटली.

बुधवार, २२ ऑक्टोबर.

चेअरमनपदासाठी नर्सबाईंचा अर्ज आला आहे. सूचक डेंटिस्ट. अनुमोदक स्कूलवाले. एकाच कागदावर दोघांच्या सह्या! हे माझ्याच प्रयत्नांचं फळ.

नर्सबाईंचा हेतू माझ्या लक्षात आला. बिनविरोध निवडून येण्यात शोभा नाही. समोर कुणीतरी हवं. माझ्या विजयाला वजन यावं म्हणून बिचारीने त्रास घेतला. जिन्यात भेटल्या तेव्हा आभार मानले. म्हणाल्या, असं का.

हे दवाखान्यात. आता भरायला दात उरलेला नाही, तरी जातात.

शनिवार, २५ ऑक्टोबर. संध्याकाळी, सामन्याआधी.

व्यवस्था चोख. लाल डावीकडे, निळे उजवीकडे, मध्ये जाण्यायेण्याची वाट. माझी पाठीची खुर्ची सर्वांत पुढे, टीव्हीला लागून. हरकत हात वर करून घ्यायची, एका वेळी एकाने. समालोचनाने माणसं भडकतात म्हणून आवाज बंद. फेकण्याजोगं सगळं बाहेर. उशांना टाके घालून त्या खुर्च्यांना शिवल्या.

आज वाद होणं अशक्य आहे.

शनिवार, २५ ऑक्टोबर. नंतर.

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

पहिला हाफ शांततेत. दुसऱ्या हाफमध्ये लाल उजवीकडे चाल करू लागले, आणि तिथे तो डाग. चेंडू सारखा डागात जायचा. मागून आवाज यायचे, गेला ढगात. एकदा बराच वेळ बाहेर आला नाही. डेंटिस्ट न राहवून म्हणाले, आला का हो? स्कूलवाले वैर विसरून म्हणाले, नाही, अजून आतच. मग दोघं आपापल्या खुर्च्या ओढत मधल्या वाटेत आले. तिथून कोनात पाहिलं की डाग जरा पातळ दिसतो. हळूहळू सगळेच मधे आले. लाल कुठले, निळे कुठले, काही कळेना. मी घंटा वाजवली. कुणी ऐकली नाही.

बरोबरीच. नव्वद मिनिटं पूर्ण झाली. लालचा फॉरवर्ड मोकळा सुटला होता, पुढे फक्त गोलकीपर, आणि दोघंही डागाकडे निघालेले.

मी उठले. म्हटलं, वेळ संपली. आणि टीव्ही बंद केला.

नव्वद म्हणजे नव्वद. माझ्या सगळ्या नोकरीत मी कुणाला एक मिनिट जादा दिलेलं नाही. एकदा एक परीक्षार्थी चक्कर येऊन पडला होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याची उत्तरपत्रिका बांधून झालेली होती.

 मग समोरच्या इमारतीतून आरोळी उठली. पाठोपाठ बाजूच्या इमारतीतून. मग अख्ख्या रस्त्यातून. आरोळीला रंग नसतो. डेंटिस्ट ओरडले, अहो, कुणाचा? स्कूलवाले ओरडले, आमचा की तुमचा? डेंटिस्ट म्हणाले, धरला की ऑफसाइड? मी सांगितलं, फुटबॉलमध्ये जादा वेळ असलाच तर तो आपल्या हॉलच्या नियमांत नमूद नाही. रिमोट पर्समध्ये ठेवला आणि प्लगही काढून घेतला, कारण मोहाला जागा ठेवू नये.

त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही, याची नोंद घ्यावी. ते सगळे दाराकडे धावले. दारात डेंटिस्ट आणि स्कूलवाले एकत्र अडकले आणि एकत्रच सुटले. खिडकीतून पाहिलं. शिकाऊ गाडी. चालकाच्या सीटवर डेंटिस्ट, शेजारी दुसऱ्या ब्रेकवर स्कूलवाले, मागे किती जण होते सांगता येत नाही. गाडी दवाखान्याकडे निघाली तेव्हा एक माणूस तिच्यामागे पळत होता. डाव्या बाजूने, वेगाने, अंग झोकून. दार उघडून त्याला आत ओढलं तेव्हा कळलं की ते आमचे हे. लग्नापासून मी त्यांना पळताना पाहिलं नव्हतं.

हॉलमध्ये मी एकटी. प्लग लावला, केवळ टीव्ही सुस्थितीत आहे ना ते पाहायला. गोल झालेला होता. लालचा. लाइन्समनचा झेंडा वर. रेफ्री व्हिडिओ बघत होता, आणि त्यांनीसुद्धा चित्रावर एक रेघ ओढली होती. माझ्यासारखीच. फक्त पुसली जाणारी. त्यांची रेघ आणि माझी रेघ यांच्यामध्ये तो फॉरवर्ड उभा होता. मी खुर्चीवरून उठले. टीव्हीला सांगितलं, अलीकडे आहे! गुडघासुद्धा अलीकडे आहे, डोळे फुटले का रे तुझे? हा शब्दप्रयोग मी पूर्वी कधी केलेला नाही. रेफ्रीने गोल धरला. टाळी वाजली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं तेव्हा ती माझीच असावी.

मी तटस्थ आहे.

थोड्या वेळाने सगळे परत आले. जिन्यात हसण्याचा आवाज. निळे हरले होते, तरी तेच जास्त हसत होते. तिसऱ्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. सगळे नर्सबाईंकडेच गेलेले दिसतात. मला बोलवायचं राहिलं. गडबडीत राहतं.

उद्दिष्ट साध्य झालं. सोसायटी एक झाली. उद्या फक्त औपचारिकता.

रविवार, २६ ऑक्टोबर.

सर्वसाधारण सभा. मी आत आले तेव्हा सगळे उभे होते. खुर्च्या अजून मांडलेल्या नव्हत्या.

विषय पहिला: चार तारखेच्या ऑफसाइडवर माझा निकाल. मी जबडा काढला. डेंटिस्ट म्हणाले, जाऊ द्या बाई, झाला तो सामना. गुडघा असेल पुढे. स्कूलवाले म्हणाले, नाही नाही, अलीकडेही असेल हो, काय सांगता येतं? डेंटिस्ट म्हणाले, तुमची नजर चांगली आहे. स्कूलवाले म्हणाले, तुमची काय वाईट आहे? मी म्हटलं, असेल-बिसेल काय? गुडघा अलीकडेच होता! काल रात्री रेकॉर्डिंग पुन्हा बघितलं आहे मी. रेघेची जाडी वजा करा. पास निघाला तो क्षण धरा. टूथपिक हातात घेऊन मी दाढेभोवती पूर्ण हल्ला करून दाखवला. लाइन्समन आंधळा होता, रेफ्री विकला गेलेला होता, आणि आपला गोल चोरला गेला, हे मी सर्वांना स्पष्ट शब्दांत सांगितलं.

 ऑफसाइडवर या सोसायटीत पहिल्यांदाच एका माणसाचं बोलणं कुणी मध्ये तोडलं नाही. वादाला दुसरी बाजूच उरली नव्हती.

नर्सबाई म्हणाल्या, असं का. मग म्हणाल्या, मतदान घ्यायचं?

हात वर करून मतदान. माझ्या बाजूने एक हात. मोजताना लक्षात आलं, तो माझाच. नर्सबाईंच्या वेळी बाकीचे. त्यात ह्यांचाही होता. हल्ली ह्यांचा खांदा आखडतो आणि डॉक्टरांनी हात वर करायचा व्यायाम सांगितला आहे. वेळ चुकली, इतकंच. सासूबाईंनी दोन हात वर केले होते. एक बाद करायला लावला. नियम म्हणजे नियम.

सभा संपल्यावर पदाचा ताबा दिला. नव्या चेअरमन: नर्सबाई. सुपूर्द केलेल्या वस्तू: हॉलची चावी, एक. सोसायटीचा शिक्का, पॅडसह. रिमोट, चालू. टीव्ही, रेघ व डागासह. शिट्टी. घंटा. फूटपट्टी. मार्कर; झाकण नाही, तरी लिहितो. प्लॅस्टरचा जबडा, एक दाढ कमी. मूळ मालकाला परत. पाठीची खुर्ची; ती माझ्या घरची आहे असं मी धरून चालले होते, पण उचलताना खाली सोसायटीचा नंबर निघाला.

पोच मिळाली. नर्सबाईंची सही आहे. साक्षीदार म्हणून ह्यांनी केली. अक्षर एरवीपेक्षा चांगलं आलं आहे.